डबल बेल वाजण्याआधी

आजच्या भागात आम्ही एसटीबद्दल बोलणार आहोत. तक्रारींचा पाढा वाचायचा नाही. एसटीचा प्रवास सुरक्षित होतो तो कशामुळे, त्यात चालकाचं काम किती, गाडीचं किती, रस्त्याचं किती आणि आपलं किती, हे समजून घ्यायचं आहे.

एसटीशी आपल्या जिल्ह्याचं नातं अगदी पहिल्या दिवसापासूनचं. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे आणि अहमदनगर या मार्गावर. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण कर्जत, राशीन, मिरजगाव, सिद्धटेक, माहीजळगाव, कुळधरण या भागातल्या बाईला दवाखाना, बाजार, माहेर किंवा कचेरी गाठायची म्हटलं की अजूनही एसटीच आठवते. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातलं, हे वेगळं सांगायला नको.

सवलती आल्या, तशा गाड्या भरून वाहायला लागल्या. म्हणून सुरक्षिततेचा विषय आधी बायकांचा आहे. मुलगी रोज दारात लोंबकळत जाते हे आईबापांनी एकदा पाहिलं की पहिला विचार येतो, "नको ती शाळा." गाडी धड नसली तर पोरीचं शिक्षण थांबतं, म्हातारीची तपासणी राहते, मजुरीचा दिवस बुडतो.

चालकाचं काम

एसटीचा चालक होण्यासाठी अवजड वाहनाचा परवाना लागतो, प्रवासी वाहतुकीचा बॅज लागतो, डोळ्यांची तपासणी आणि चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. भोसरीला महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. आता या कामात बायकाही आल्या आहेत, ही आपल्या अभिमानाची गोष्ट.

चांगला चालक ओळखायचा कसा? वेगावरून नाही. गाडी थांबताना आपल्या हातातली पिशवी पुढे घसरली नाही, वळणावर शेजारणीच्या अंगावर रेललो नाही, गतिरोधकावर डोकं टपाला लागलं नाही, तर समजावं की हात चांगला आहे. कारण तो लांबवर पाहून चालवतो. पुढे शेळ्या आहेत, शाळा सुटली आहे, उसाची ट्रॉली हळू चालली आहे, हे त्याला आधी दिसतं आणि तो आधीच वेग कमी करतो.

वेगाचा हिशोब एकदा मनात पक्का करू या. गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी 17 मीटर गेलेली असते. त्यानंतर भरलेली गाडी थांबेपर्यंत आणखी पंचवीस-तीस मीटर जातात. एकूण चाळीस-पन्नास मीटर. तीच गाडी ताशी 30 ने असेल तर पंधरा-सोळा मीटरमध्ये उभी राहते. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर एक चतुर्थांश होतं. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील तर हे अंतर वाढतं. म्हणून "अहो, जरा दाबा की, उशीर झालाय," असं मागून ओरडण्याआधी हे मीटर आठवावेत.

मोबाईलचंही तसंच. गाडी चालवताना मोबाईल हातात धरणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक चालवण्याचा गुन्हा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये महामंडळानेही आपल्या चालकांना गाडी चालवताना मोबाईल आणि हेडफोन वापरायला मनाई केली. दोन सेकंद नजर पडद्यावर गेली तर 60 च्या वेगाने गाडी तेहतीस मीटर आंधळी धावते. चालकाशी गप्पा मारत पुढे उभं राहणंही टाळावं.

मुक्कामी गाडीची झोप

आपल्या खेड्यांत मुक्कामी गाडी येते. संध्याकाळची शेवटची फेरी गावात थांबते आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची मुलं आणि कामाला जाणारी माणसं घेऊन निघते. त्या रात्री चालक आणि वाहक झोपतात कुठे, याचा विचार गावात कितीजणी करतात? कुठे देवळाच्या ओसरीवर, कुठे गाडीतल्या बाकावर, डासांत आणि उकाड्यात. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचं काम आठ तासांचं ठरवलं, मध्ये विश्रांती ठरवली, ती उगाच नाही. झोप अपुरी झालेल्या माणसाचे डोळे उघडे असले तरी लक्ष हुकतं. पहाटेच्या वेळी तर शरीरच झोप मागत असतं.

आपल्या पोरांचा जीव पहाटे ज्याच्या हातात द्यायचा, त्याला रात्री पंखा, मच्छरदाणी, प्यायचं पाणी आणि शौचालय मिळालं पाहिजे. समाजमंदिराची एक खोली किंवा शाळेचा एखादा वर्ग त्यासाठी उघडून देता येतो. ग्रामपंचायतीला यासाठी फार मोठा खर्च येत नाही. गावात वाहकबाई मुक्कामाला येत असेल तर तिच्यासाठी कडी लागणारी वेगळी खोली हवीच.

गाडी आणि रस्ता

गाडीत अग्निशमन सिलिंडर, प्रथमोपचार पेटी आणि आपत्कालीन दार असावं लागतं. चढल्यावर एकदा नजर फिरवून ते दार कुठे आहे ते पाहून ठेवावं. त्याच्यापुढे पोती, क्रेट, दुधाचे कॅन रचलेले असतील तर वाहकाला हलवायला सांगावं. सांगताना लाजू नये.

रस्ताही अपघात घडवतो. 28 जानेवारी 2020 रोजी नाशिक जिल्ह्यात मालेगाव ते देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षाची धडक झाली आणि दोन्ही गाड्या रस्त्याकडेच्या विहिरीत पडल्या. 26 माणसं गेली. रस्त्याला लागून विहीर नसती, किंवा मध्ये भक्कम कठडा असता, तर धडक होऊनही इतकी माणसं गेली नसती. आपल्या भागातही रस्त्यालगत विहिरी आहेत, वळणावर वेड्या बाभळी वाढून समोरचं दिसत नाही, आणि गाळपाच्या हंगामात रात्री मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा होते. तिथे हे तीन विषय ठरावात घालता येतात: विहिरीला कठडा, वळणावरची झुडपं, ट्रॉलीला रिफ्लेक्टर.

आपल्या हातातलं

वाहक दोरी ओढून दोनदा घंटी देतो तेव्हा चालक गाडी सोडतो. एक घंटी म्हणजे थांब. मागचं दार चालकाला नीट दिसत नाही, त्याला त्या घंटीवरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून डबल बेल वाजण्याआधी आपण आत आलेलो असावं, आणि ती वाजल्यावर धावत्या गाडीला लटकू नये. पायरीवर उभं राहून प्रवास करायला कायद्यानेच मनाई आहे.

चढता-उतरताना पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. एक हात दांड्यासाठी मोकळा ठेवावा. मूल आधी आत द्यावं, उतरताना आधी मोठ्या माणसाने उतरावं. उतरल्यावर उभ्या गाडीच्या पुढून रस्ता कधीच ओलांडू नये. चालकाला अगदी पुढ्यातलं लहान मूल दिसत नाही, आणि बाजूने येणाऱ्या दुचाकीला आपण दिसत नाही. गाडी निघून जाऊ द्यावी, दोन्हीकडे पाहावं, मग पाऊल टाकावं. हे मुलांकडून घोकून घ्यावं.

गरोदर बाई, पाठीचा त्रास असलेली किंवा म्हातारी माणसं यांनी अगदी मागच्या बाकावर बसू नये. तो बाक मागच्या चाकाच्याही पलीकडे असतो, त्यामुळे खड्ड्यात सगळ्यात जास्त उसळी तिथेच बसते. मणका दुखावण्याचा धोका तिथे जास्त. मधली जागा चांगली. ती त्यांना द्यायला आपणच उठावं.

स्थानकातही सावध राहावं. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, तुमची गाडी तिकडे उभी आहे असं सांगून एका तरुणीला उभ्या गाडीत नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला, अशी फिर्याद नोंदली गेली. यात चूक त्या मुलीची नव्हती. अंधारात बंद गाड्या उभ्या राहू न देणं, उजेड आणि पहारा ठेवणं हे व्यवस्थेचं काम आहे. आपण एवढंच करावं: गाडीची चौकशी नियंत्रण कक्षातच करावी, फलाटावर लागलेल्या गाडीतच चढावं. अडचण आली तर 112 लावावा.

तिकीट जपा

एसटीच्या तिकिटात अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो. 2016 पासून तो घेतला जातो. त्यातून मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणून प्रवास संपेपर्यंत तिकीट जपावं. सवलतीचं असो की मोफतचं, मागून घ्यावं. परवाना नसलेल्या, कोंबून भरलेल्या जीपमध्ये असा पुरावा हातात नसतो, आणि विम्याची भरपाई मागतानाही अडचणी येतात.

अपघात झालाच तर 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार करण्याची केंद्राची योजना सुरू आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने पाय मागे घेऊ नये. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. आपण जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो.

तक्रार करायची तर गाडीचा नंबर, आगाराचं नाव, तारीख, वेळ आणि घडलं ते चार ओळींत लिहावं. तक्रार पुस्तक मागावं किंवा आगार व्यवस्थापकाला अर्ज देऊन पोच घ्यावी. पण जो चालक रोज सांभाळून नेतो, म्हातारीसाठी दोन मिनिटं थांबतो, त्याच्याबद्दलही चार ओळी त्याच पुस्तकात लिहाव्यात. चांगलं काम कुणीतरी पाहतंय, हे त्यालाही कळायला हवं.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक बचत गटाने एवढं एक ठरवावं: आपल्या गावात मुक्कामी गाडी येत असेल तर तिचा चालक रात्री कुठे झोपतो, ते जाऊन पाहायचं. जे दिसेल ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या भागात ती पत्रं वाचून दाखवू.