बंदुकीच्या नळींतील मळ : काजळी व तांबें

पाचूबंदरास राहणाऱ्या माणसास गंजाविषयीं कोणी नवें सांगावयास नको. वसईच्या किल्ल्याच्या कडेस, खाडी समुद्रास मिळते तेथें आमची वस्ती असल्यामुळें खारा वारा बारा महिने घरांत वावरतो. कडी, कोयंडा, विळा, शिवणयंत्र, कांहींच त्याच्या तावडींतून सुटत नाहीं. अशा घरांत वडिलांकडून आलेली ०.३१५ ची इशापुरी रायफल मी संभाळीत आहें. जमीन मात्र तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे, पारोळच्या बाजूस आहे, आणि भात पोटरींत आलें कीं तेथें रानडुकरांच्या धाडी सुरू होतात.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां शस्त्रपरवान्यांच्या चौकशीचे पुष्कळ कागद माझ्या हातांखालून गेले. कागद स्वच्छ, शिक्के जागच्या जागीं. पण मालकानें आपल्या बंदुकीच्या नळींत शेवटचें केव्हां डोकावून पाहिलें, असा रकाना कोणत्याच नमुन्यांत नव्हता. माझ्या स्वतःच्या घरींही त्याचें उत्तर मला देतां आलें नसतें, हें पुढील हकिकतीवरून दिसेल.

सन २०२४ च्या मार्चांत लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हां रिवाजाप्रमाणें मीं रायफल ठाण्यांत जमा केली. ती न पुसतां, न तेल लावतां दिली. हा दोष सर्वस्वीं माझा. निकालानंतर जूनमध्यें ती परत घेतली, तों पावसाळी हवा सुरू झालेली. नळींत तांबूस ठिपके दिसले. घासलेटाची चिंधी दोनदां फिरवून मीं समाधान मानलें. पुढें भात पिकल्यावर, वन खात्याची रीतसर परवानगी हातीं असतां, एका रात्रीं बांधाखालीं आलेल्या डुकरावर गोळी झाडली. अंतर साठ पावलांचेंही नव्हतें. डुक्कर पळालें. सकाळीं पाहतों तों गोळी दोन हात डावीकडे बांधाच्या चिखलांत रुतलेली. आणि त्याच बाजूस, थोडें पुढें, शेजाऱ्याचा माळा होता. त्या माळ्यावर त्याचा मुलगा राखणीस बसत असे. बांध उंच होता म्हणून निभावलें. त्यानंतर मीं ती रायफल पुरती साफ केल्याशिवाय हातीं धरली नाहीं.

दोष कोठें होता तें आतां सांगतों. रायफलच्या नळीस आंतून पिळाचे आटे असतात. गोळीचा गाभा शिशाचा असून वर तांब्याच्या मिश्रधातूचें कवच असतें. गोळी आट्यांतून पिळली जात असतां ह्या कवचाचा अत्यंत पातळ थर नळीस चिकटून राहतो. दारूची काजळी त्यावर बसते, पुढच्या बाराची तांब्याची पुटी काजळीवर चढते, आणि असे थरावर थर होतात. काजळी विशेषतः काडतुसाच्या घराच्या पुढें, जेथें आटे सुरू होतात तेथें, दगडासारखी कठीण होते. नळी गुळगुळीत असल्यास हा मळ सावकाश बसतो. गंजानें खड्डे पडले कीं खरखरीत पृष्ठभाग कानशीसारखा तांबें ओरबाडून घेतो. आमचे वडील दर वेळीं घासलेटानें नळी पुशीत. त्यानें काजळी कांहीं अंशीं निघे, तांबें मात्र मुळींच निघत नसे. म्हणजे तीस वर्षांचें तांबें आंत होतेंच, त्यावर माझ्या हलगर्जीपणाचा गंज चढला.

साफ करण्याची रीत अशी. प्रथम रायफल रिकामी आहे हें डोळ्यांनीं व बोटानें, दोन्हीं प्रकारें पाहावें आणि काडतुसें त्या खोलींतच ठेवूं नयेत. बोल्ट काढून गज मागील बाजूनेंच घालावा. तोंडाकडून घातलेला गज आट्यांचें शेवटचें टोंक झिजवितो, आणि नेमाची सारी मदार त्या टोंकावर असते. आधीं काजळी काढावी. टर्पेंटाईन किंवा घासलेट लावून पाव तास मुरूं द्यावें, मग पितळी तारेचा ब्रश आरपार न्यावा. मध्येंच उलटा फिरवूं नये. फलालीनच्या चिंध्या काळ्या येईनाशा झाल्या म्हणजे तांब्याकडे वळावें. त्यास अमोनियाचें पाणी लागतें. अमोनिया हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें तांबें विरघळवितो आणि चिंधी गर्द निळी होते. पांच-दहा मिनिटें ठेवून पुसावें व पुन्हा लावावें. निळें येणें थांबलें तरी आंत काजळीचा दुसरा थर असूं शकतो, म्हणून पुन्हा टर्पेंटाईन, पुन्हा अमोनिया, असा फेरा करावा लागतो. मला तीन संध्याकाळ लागल्या. पहिल्या संध्याकाळीं तर मी फसलोंच : ब्रश पितळी, म्हणजे त्यांतही तांबेंच, अमोनिया तो ब्रश खाऊन निळा होत होता आणि मी नळीस दोष देत बसलों! अमोनियासाठीं लांकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोंकाचा गज घ्यावा.

अमोनिया रात्रभर नळींत ठेवूं नये, पोलादासही इजा होते. काम ओसरीवर, वाऱ्यांत करावें, डोळे जपावेत, आणि कपडे धुण्याच्या ब्लीचिंगशीं त्याचा संबंध येऊं देऊं नये. त्यांतून विषारी वायू निघतो. शेवटीं कढत पाण्यानें नळी धुवून, पूर्ण कोरडी करून शिवणयंत्राचें तेल अगदीं पातळ लावावें. आमच्याकडे खोबरेल लावण्याची चाल आहे. तें थंडीत थिजतें, म्हणून बंदुकीस तें नको.

कढत पाण्याविषयीं एक गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें पेटल्यावर मागें जो क्षार राहतो तो मिठाचाच भाऊबंद, हवेंतील ओल ओढणारा. तेलांत तो विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश फौजेंत गोळीबारानंतर नळींतून कढत पाणी ओतण्याची शिस्त होती. ठासणीच्या बंदुकीस तर हाच उपाय मुख्य, कारण काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावरही घन राखेच्या रूपानें मागें राहतो. ती राख रात्रभर राहिली तर आमच्याकडच्या हवेंत सकाळीं गंज दिसतो.

वाचकांपैकीं बहुतेकांजवळ रायफल नसून ठासणीची अथवा १२ बोअरची बंदूकच असेल. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें पीक-संरक्षणासाठीं आधीं ठासणीची आणि ती पुरी न पडल्यास दुसरी गुळगुळीत नळीची, असा क्रम घातलेला आहे. १२ बोअरमध्यें तांब्याचा प्रश्न बहुधा येत नाहीं. तेथें छर्‍यांचें शिसें व प्लॅस्टिकच्या डाटाचा लेप चिकटतो. टर्पेंटाईन व तारेचा ब्रश पुरे.

काडतुसें कोठें ठेवावींत हेंही ह्याच रसायनाशीं निगडित आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्यांजवळ ठेवलीं असतां आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया ओलाव्यासह ताणलेल्या पितळेस फोडतो, असा उलगडा १९२१ सालीं झाला. तेव्हां गोठ्याच्या माळ्यावर अथवा युरियाच्या गोणींशेजारीं काडतुसांची पेटी ठेवूं नये. अमोनियाची बाटलीही तिच्यापासून दूर असावी.

बार भरण्यापूर्वीं बोल्ट काढून किंवा बंदूक मोडून नळींतून उजेड पाहण्याची संवय मात्र प्रत्येकानें लावावी. कुंभारमाशी भिंतीवर टांगलेल्या नळींत चिखलाचें घर बांधते, आणि साफ करतांना तुटून राहिलेली चिंधीही तेवढीच घातक. अशी अडलेली नळी बारासरशी फुटते. तेलाचा थरही झाडण्यापूर्वीं पुसून काढावा.

खंडेनवमीस आमच्या घरीं रायफल पाटावर मांडतात. पूर्वीं नळीच्या तोंडास हळदकुंकू व ओलीं फुलें वाहत, आतां दस्त्यास लावतात, आणि आरती झाल्यावर मी पुन्हा एकदां तेलाची चिंधी फिरवितों.