कयाक आणि कॅनोची शर्यत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरी नौकानयनात, म्हणजे रोइंगमध्ये, उतरला आणि हा खेळ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तेव्हापासून हातात वल्हं दिसलं की ते रोइंगच, असं अनेकजण धरून चालतात. पण कयाक आणि कॅनोच्या स्प्रिंट शर्यती हा वेगळा खेळ आहे. रोइंगमध्ये खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे असते, वल्ही होडीला जोडलेली असतात आणि ऑलिंपिकमध्ये अंतर 2000 मीटर असतं. इथे तोंड पुढे, वल्हं फक्त हातात आणि अंतर 200, 500 किंवा 1000 मीटर. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या शर्यतींना पदकं आहेत.

कयाक आणि कॅनो एकच, हेही खरं नाही. कयाकमध्ये बसून दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं चालवतात, आणि दिशा देणारं छोटं सुकाणू पायाने फिरवतात. कॅनोमध्ये एक गुडघा टेकून, एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूने मारायचं. सुकाणू नाही. साहजिकच होडी दुसऱ्या बाजूला वळू पाहते, म्हणून वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट वळवून ती सरळ ठेवावी लागते. माझ्या मते सगळ्यात अवघड कसब हेच.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे हा दंडांच्या ताकदीचा खेळ आहे. पडद्यावर खांदे आणि दंडच दिसतात, त्यामुळे तसं वाटतं. पण कयाकमधल्या चांगल्या खेळाडूचे गुडघे पाहा: ते आळीपाळीने वरखाली होत असतात. उजवीकडे वल्हं पाण्यात रुतलं की उजवा पाय समोरच्या पट्टीवर जोर देतो, कंबर वळते, पाठोपाठ धड वळतं आणि तो जोर हातातून पात्यापर्यंत जातो. पाणी मागे ढकलणं हा इथला हेतू नसतो. रोवलेल्या खांबाला धरून स्वतःला पुढे ओढावं, तशी होडी पात्याच्या पुढे न्यायची असते. नुसत्या हातांनी ओढणारा शेवटच्या टप्प्यात हमखास मागे पडतो. दिव्यांगांच्या पॅराकयाकिंगमध्ये तर धड आणि पाय किती काम देतात यावरच खेळाडूंचे तीन गट पाडले जातात.

शर्यत संथ पाण्यावर होते म्हणून ती सोपी, असंही ऐकू येतं. दगडधोंड्यांतून उसळणाऱ्या पाण्यातली शर्यत म्हणजे स्लालोम, तो वेगळा प्रकार. स्प्रिंटमधली एकेरी कयाक जास्तीत जास्त 5.20 मीटर लांब आणि कमीत कमी 12 किलो वजनाची असते. रुंदीला इतकी अरुंद, की नवखा माणूस बसताक्षणी उलटतो. शिवाय शेजारच्या होडीने उठवलेल्या लाटेचा फायदा घ्यायला मनाई आहे. प्रत्येकाने आपापल्याच पट्ट्यात राहायचं.

कॅनो हा पुरुषांचाच प्रकार, हा समज मात्र नियमांनीच पोसला होता. ऑलिंपिकमध्ये महिलांना कॅनोत जागा मिळाली ती थेट टोकियोत, 2021 साली. कयाकमध्ये त्या 1948 पासून आहेत. जर्मनीच्या बिर्गिट फिशरने 1980 ते 2004 या काळात 8 सुवर्णं जिंकली आणि न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने पॅरिसमध्ये तो आकडा गाठला.

राहिला भारत. इथे हा खेळ कुणी खेळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हांगझोऊ आठवावं. 2023 मध्ये तिथे झालेल्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दुहेरी कॅनोच्या 1000 मीटर शर्यतीत कांस्य जिंकलं. आशियाई स्पर्धेत या खेळातलं भारताचं त्याआधीचं पदक 1994 चं, हिरोशिमाचं. 2023 मध्येच हांगझोऊत झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत, भोपाळच्या तलावात सराव केलेल्या प्राची यादवने कयाकमध्ये सुवर्ण आणि कॅनोत रौप्य मिळवलं.