डोळ्यांमागचं बघणं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझी पट्टी काढली आणि समोरच्या कॅलेंडरातल्या तारखा लख्ख दिसल्या. आनंद झालाच, पण एक जुनी रुखरुखही जागी झाली. माझ्या आतेभावाला जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ‘जरा मोठा होऊ दे, मग बघू,’ असं वडीलधारी म्हणत राहिली. ऑपरेशन झालं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. ऑपरेशन उत्तम झालं, जाड भिंगांचा चष्माही मिळाला. तरी आत्या दारात स्वस्थ उभी असली तर त्याला दिसत नसे. ती चालू लागली, की म्हणे, ‘आई आली.’ आजार तोच, इलाज तोच. मग त्याच्या वाट्याला हे असं का?

याचं उत्तर डोळ्यांत नाही, मेंदूत आहे. डोळ्याच्या पडद्यावर चित्र उमटतं हे खरं. पण तिथून पुढे चित्र जात नाही. प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतूंवाटे विजेचे बारीक ठोके तेवढे निघतात आणि डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात पोचतात.

तिथे काय होतं, हे १९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल शोधत होते. मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे ठोके ते ऐकत. काचेवरच्या ठिपक्याची सावली पडद्यावर दाखवायची, असा प्रयोग. तासन्‌तास पेशी ढिम्म. एकदा काच सरकवताना मात्र ती अचानक तडतडली. तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतंच. काचेच्या कडेची जी बारीक तिरपी सावली सरकली, ती तिची ओळखीची! एक पेशी उभ्या रेघेला जागते, दुसरी आडव्या, तिसरी तिरप्या. या शोधांसाठी दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं.

आमच्या बँकेत चेक असाच पास होई. एकाने तारीख बघायची, दुसऱ्याने शिल्लक, तिसऱ्याने सही. मेंदूतही रेघा, रंग, हालचाल अशी कामं वाटलेली असतात आणि पुढच्या पेशी मागच्यांचे निरोप जुळवत आकार, चेहरे ओळखतात. फरक एवढाच, की इथे सगळं चित्र बघणारा मॅनेजर कुठेच बसलेला नाही. असंख्य पेशींचं एकाच वेळचं जागणं आणि गप्प राहणं, हेच चित्र.

ही जुळणी पक्की होते ती लहानपणी, वापरातून. ह्यूबेल-विझेल यांनी १९६३ साली दाखवलं, की मांजराच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने मिटून ठेवला, तर पुढे उघडूनही दृष्टिकेंद्रातल्या फारच थोड्या पेशी त्याला दाद देतात. डोळा धडधाकट, पण त्याचं टेबल दुसऱ्याने बळकावलेलं!

पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशात, ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये, उशिरा दृष्टी मिळालेल्यांचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मला माझा आतेभाव भेटला. एकमेकींवर आलेल्या दोन आकृत्या दाखवल्या, की या लोकांना सुटे तुकडेच दिसत. आकृती हलवली, की तिचे तुकडे एकत्र येत. दारातली आत्या त्याला का दिसत नसे, हे मला तेव्हा कळलं. सिन्हांच्या कामातून एक दिलासाही मिळाला: उशिरा का होईना, मेंदू पुष्कळ शिकतो. पण लहानपणी निसटलेली बारीक नजर पूर्ण परत येत नाही.

म्हणून सांगतो, तान्ह्या बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरट वाटली, नजर ठरत नसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जन्मतःच दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच व्हावं लागतं. माझा मोतीबिंदू दोन वर्षं थांबला, काही बिघडलं नाही. माझ्या मेंदूने बघणं केव्हाच शिकून ठेवलं होतं. बाळाचं शिकणं मात्र थांबत नाही. ‘मोठा झाल्यावर बघू,’ असं आपण म्हणतो. पण बघायचं असतं त्याला.