माणशी साडेअकरा गुंठे

मागच्या कार्यक्रमात एका बचत गटाच्या ताईंनी फोनवर विचारलं होतं, "माणसं वाढली म्हणून गरिबी, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आता तर घरोघर दोनच लेकरं आहेत. मग हातात पैसा का टिकत नाही?" तेव्हा वेळ संपत आली होती आणि खरं सांगायचं तर उत्तरही तयार नव्हतं. आज ते शोधायला आपण केरळात जाऊन येऊ.

केरळातच का, तर तिथली दाटी. 2011च्या जनगणनेत तिथे एका चौरस किलोमीटरला 860 माणसं होती, आपल्या महाराष्ट्रात 365. चौरस किलोमीटर डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आम्ही गुंठ्यात हिशोब केला. डोंगर, नदी, रस्ते, शहरं सगळं धरून वाटणी केली, तर आपल्याकडे माणशी सत्तावीस गुंठे येतात आणि केरळात साडेअकरा. तरीही नीती आयोगाच्या मोजणीत केरळात गरीब माणसं शंभरात एकापेक्षाही कमी निघतात. बिहारमध्ये दाटी केरळहून जास्त, 1106, आणि तिथे गरीब शंभरात तेहतीसच्या वर. म्हणजे दोन्हीकडे गर्दी, पण घरची अवस्था अगदी वेगळी. नुसती डोकी मोजून गरिबी कळत नाही.

केरळात जन्म कमी कसे झाले? 1971च्या जुलैत एर्नाकुलमला मोठं शिबिर भरलं होतं, एका महिन्यात साठ हजारांवर नसबंदी झाल्या. त्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या, बरं का! (आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की सुनेचंच नाव पुढे येतं.) पण शिबिरं येतात आणि जातात. खरा फरक पडला तो मुली शाळेत टिकल्या म्हणून, लग्न उशिरा झालं म्हणून आणि जन्मलेलं बाळ जगेल अशी खात्री आईला आली म्हणून. दवाखाना जवळ असला की चार लेकरांतली दोन तरी राहतील असा विचार बाईला करावा लागत नाही. 2020 साली केरळात हजार बाळांमागे 6 दगावली, आपल्याकडे 16.

आईबापाची जागा घ्यायला दोन लेकरं लागतात. काही लहानपणीच जातात आणि मुलग्यांचे जन्म जरा जास्त होतात, म्हणून सरासरी 2.1 धरतात. केरळ या आकड्यावर 1980च्या दशकाच्या अखेरीलाच पोचलं.

आता पैशाची गोष्ट. घरात लहान लेकरं कमी आणि म्हातारी माणसंही अजून थोडीच, असा एक काळ येतो. कमावते हात जास्त, खाणारी तोंडं कमी. या वीस-तीस वर्षांत घर वर येऊ शकतं, राज्यही. अट एकच, त्या हातांना काम हवं. केरळात शिकलेले हात होते, पण गावात पुरेसं काम नव्हतं. 1970च्या दशकापासून पोरं आखाती देशांत गेली. 2023च्या पाहणीत परदेशात असलेले केरळी सुमारे 22 लाख होते. त्यांच्या पैशावर घरं बांधली गेली, बहिणींची लग्नं झाली, भावंडं शिकली. मागे राहिलेल्या बायका बँकेचे, जमिनीचे व्यवहार एकट्यानं करायला शिकल्या. मात्र शिकूनही पगाराचं काम मिळालेल्या बायका कमीच. केरळची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

तो काळ आता सरत आला आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पथनमथिट्टा आणि इडुक्की या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. मोठमोठी घरं कुलूपबंद, नाहीतर आत दोनच म्हातारी माणसं. बांधकामाला, हॉटेलात बंगाल, आसाम, ओडिशाचे मजूर येतात. तिथे त्यांना अतिथी कामगार म्हणतात. केंद्राच्या करातून राज्यांना वाटणी होते, त्यातही केरळचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगात अडीच टक्के होता, तो पंधराव्यात दोन टक्क्यांच्याही खाली आला. वाटणी ठरवताना बऱ्याच गोष्टी पाहतात, पण 1971ऐवजी 2011ची माणसं मोजली गेली, याचाही फटका बसलाच. घर नीट चालवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाकरी कमी यावी, तसं हे आम्हाला वाटतं.

म्हाताऱ्यांचं करायचं कुणी? कोझिकोडला 1990च्या दशकात काही डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन सेवा सुरू केली. 2008मध्ये राज्यानं त्यासाठी धोरण केलं. आता पंचायतीमार्फत नर्स घरी येते, जखम धुते, नळी बदलते, घरच्या बाईला शिकवते. 1998मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्रीचे बायकांचे गटही गावोगाव आहेत. आपल्यासारखे गट, पण पंचायतीशी घट्ट बांधलेले.

हे सगळं आम्ही का सांगत बसलोय? कारण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळचा आकडा 1.8 निघाला आणि महाराष्ट्राचा 1.7. जन्म कमी करण्यात आपण केरळच्या बरोबरीला आलो, थोडे पुढेच. पण त्याच पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या केरळात शंभरात 6 आणि आपल्याकडे जवळजवळ 22. म्हणजे लेकरं दोन, पण आई लवकर झाली, शिक्षण सुटलं, हाती फक्त मजुरी आली. फोन करणाऱ्या ताईंचा पैसा का टिकत नाही, त्याचं एक उत्तर इथे आहे. तोंडं कमी झाली, पण हाताची कमाई तेवढी वाढली नाही. आणि म्हातारपण तर आपल्याकडेही येणारच आहे. ती सेवा कुणाच्या अंगावर पडेल, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिची मजुरी बुडते, गटाचा हप्ता थकतो.

म्हणून एक काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या. आपल्या वस्तीत साठीपुढची माणसं किती, त्यांपैकी एकटी किती, अंथरुणावर किती आणि त्यांचं करणारी कोण, ते लिहा. करणाऱ्या बाईचे महिन्याला किती खाडे पडतात, तेही लिहा. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवा. तिथे काय उत्तर मिळालं, ते फोन करून आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात तेच वाचू.