'इज' म्हणजे नुसते 'आहे' नव्हे

इंग्रजीतला 'इज' आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकात शिकतो. त्याचा अर्थ 'आहे' एवढा पाठ केला की झाले! गडबड तिथेच सुरू होते.

काही वाक्ये घेऊ. 'सॉक्रेटीस इज वाइज' यात सॉक्रेटीसला एक गुण लावला. 'द मॉर्निंग स्टार इज द इव्हनिंग स्टार' यात गुणबिण काही नाही. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा म्हणजे एकच शुक्र, असे तादात्म्य सांगितले. 'द व्हेल इज अ मॅमल' यात एक वर्ग दुसऱ्या वर्गात बसवला, आणि 'गॉड इज' यात नुसते अस्तित्व. पारख करायची तर वाक्य उलटे करून पाहा. शुक्राच्या वाक्यात काही बिघडत नाही. पण 'शहाणा म्हणजे सॉक्रेटीस' असे केले, तर बाकी जगात शहाणा म्हणून कोणी उरतच नाही!

गोटलोब फ्रेगेने १८९२ च्या लेखनात गुण लावणारा आणि तादात्म्य सांगणारा 'इज' वेगळे काढले. बर्ट्रांड रसेलने तर तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१९ साली निघालेल्या पुस्तकात, या दोन्हींना एकच शब्द वापरणे ही माणसाला लाज आणणारी गोष्ट ठरवली.

मराठीत आपली थोडी सोय आहे. 'कावळा काळा असतो' हे एकूण कावळ्यांबद्दल, 'कावळा काळा आहे' हे समोरच्या कावळ्याबद्दल. 'इथे साप नाही' वेगळे, 'हा साप नव्हे' वेगळे. (हा 'नव्हे' हल्ली बोलण्यातून जात चाललाय, याचे आम्हाला वाईट वाटते.) इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी 'इज'च राबतो.

हे सगळे आम्ही वर्गात शिकवत होतो, आणि पालकांकडे जाणाऱ्या पत्रकावर मात्र बेधडक 'ही इज वीक इन लॉजिक' असे लिहीत होतो. आमच्या मनात अर्थ एवढाच, की या परीक्षेत कच्चा आहे. एकदा एक मुलगा पत्रक घेऊन आला. म्हणाला, "सर, म्हणजे मी कच्चाच का?" त्याने गुणाचे वाक्य तादात्म्याचे म्हणून वाचले होते. घरच्यांनीही तसेच वाचले असणार, कारण ते त्याला कॉमर्सला घालायला निघाले होते.

आम्ही तो शेरा खोडला आणि खाली मराठीत लिहिले, 'या वेळी तीन उत्तरांत मध्यपद अव्याप्त राहिले आहे.'