आधी वाट, मग सामान

बैठकीच्या खोलीत कपाट कोठे असावे आणि पलंग कोठे, हा प्रश्न बहुतेक घरांत सोयीचा किंवा शोभेचा मानला जातो. परंतु डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे जे हादरे बसू लागले, त्यांनी धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या परिसरातील कुटुंबांपुढे तोच प्रश्न जीवितरक्षणाचा म्हणून उभा केला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता, आणि घराबाहेर पळण्याच्या धांदलीत पडून एक दोन वर्षांची बालिका दगावली. घरातून बाहेर पडण्याची वाट किती मोलाची असते, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

या भूकंपमालिकेचे स्वरूप असे की, एक मोठा धक्का बसून पुढे सारे शांत होत जावे, असे तिच्यात घडत नाही. लहान लहान धक्के आठवडेच्या आठवडे येत राहतात, आणि त्यांचे केंद्र भूपृष्ठापासून फारसे खोल नसल्यामुळे अल्प तीव्रतेचा कंपही गडगडाटासह जाणवतो. पुढचा धक्का केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे घराची मांडणीच कायमची सावध असावी लागते.

जुन्या वारली घरात ही सावधता आपोआप होती. लाकडी मेढींच्या आधारे उभा केलेला कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, भिंतीकडेला कणगी आणि जाते, आणि मधली सारवलेली जमीन निजण्याबसण्यासाठी मोकळी, अशी त्या घराची घडण असे. ज्या भिंतींवरील चित्रकला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगापुढे नेली, त्या भिंती वजनाने हलक्या होत्या. आज त्या जागी पक्के घरकुल आले, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु प्रधानमंत्री आवास योजनेच्या किमान २५ चौरस मीटरांत लोखंडी कपाट, पलंग, टीव्ही, भाताची पोती आणि रात्री आत घेतलेली मोटारसायकल एवढे सारे सामावले, म्हणजे चालायला जागा उरत नाही. शिवाय जड भिंत पडली तर तिचा भारही जीवघेणा ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपलेली माणसे गाडली गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

म्हणून सामान लावण्यापूर्वी वाट आखावी. घरात जितकी अंथरुणे, तितक्या ठिकाणांपासून दारापर्यंत सुमारे तीन फूट रुंदीची जागा मोकळी सोडावी, म्हणजे मूल कडेवर घेऊन किंवा वृद्धाचा हात धरून निघता येते. साडेसहा फूट उंचीचे कपाट कोसळले तर जवळजवळ तितकीच जमीन व्यापते. त्याची पडण्याची दिशा ना वाटेवर असावी ना अंथरुणावर, आणि त्याचा माथा लोखंडी पट्टीने व स्क्रूने भक्कम भिंतीशी जखडावा. जड भांडी खालच्या फळीवर, पोती आडवी, गॅसचे सिलिंडर साखळीने बांधून कोपऱ्यात, आणि मोटारसायकल दाराच्या तोंडापासून दूर, अशी तजवीज करावी. उशाशी खिडकी किंवा फळी नसावी. बॅटरी आणि चपला मात्र असाव्यात. मग एका रात्री दिवे मालवून घरातील सर्वांत वयस्क माणसाला, त्याच्या सोबत राहून, अंथरुणापासून दारापर्यंत सावकाश चालू द्यावे, आणि जेथे पाऊल अडखळेल तेथील वस्तू हलवावी.

डहाणू शहरातील इमारतींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हादऱ्यात जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली शिरून डोके झाकावे आणि टेबलाचा पाय घट्ट धरावा. त्यासाठी त्या टेबलाखाली ट्रंका आणि गाठोडी कोंबलेली नसावीत.

ही मांडणी भूकंपापुरतीच उपयोगाची आहे असे नाही. काठी टेकणारे आजोबा, गरोदर सून आणि नुकते पाऊल टाकू लागलेले मूल यांना ती रोज उपयोगी पडते. घरकुलाचा हप्ता मंजूर करण्यापूर्वी जो अधिकारी बांधकामाची पाहणी करतो, त्यानेच कपाट कोठे ठेवावे आणि कसे जखडावे हे घरधन्याला दाखवून द्यावे, असा रिवाज या दोन तालुक्यांत पडला पाहिजे. त्याला खर्च चार स्क्रूंचा आणि पाव तासाचा आहे, आणि त्याने वाचणारी गोष्ट माणसाचा जीव आहे.