बल्ब नवा, तरी उजेड मंद! जुन्या गाडीच्या दिव्यांतला दोष नेमका कुठे असतो?

जुन्नर / मंचर : उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की पुणे-नाशिक महामार्गावरची रात्र बदलते. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, भाजीपाल्याचे टेम्पो आणि मुंबई-नाशिककडे सुसाट जाणाऱ्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. अशा वेळी मागचा एक लाल दिवा बंद असलेली जुनी कार मागून येणाऱ्याला दुचाकीसारखी दिसते. दोन्ही बंद असतील, तर ती दिसतच नाही.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या गाड्या, तशाच जुन्या अल्टो, वॅगन आर, इंडिका आजही रोजच्या कामाला आहेत. त्यांच्या दिव्यांची तक्रार सहसा एकच असते : 'बल्ब बदलला, चार दिवस चालला, पुन्हा तेच.' याचे कारण साधे आहे. जुन्या गाडीत दोष बऱ्याचदा बल्बमध्ये नसून बल्बपर्यंत येणाऱ्या आणि बल्बपासून परत जाणाऱ्या वाटेत असतो.

इथल्या गाड्यांना हा त्रास का होतो?

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. माळशेज घाट, भीमाशंकर, डिंभे परिसरात पावसाळ्याचे महिने ओल आणि धुके असते. पूर्वेला बागायती पट्टा, कच्चे रस्ते आणि धूळ. ओलीमुळे होल्डर आणि कपलरमध्ये हिरवट-पांढरी पूड जमते. धक्क्यांमुळे जोड सैल होतात. गाडी कांद्याच्या बराखीजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी असेल, तर उंदीर वायरी कुरतडतात. त्यात नंतर बसवलेला हॉर्न, टेप, फॉग लॅम्प यांसाठी मूळ वायरिंग सोलून मारलेले जोड. दहा-पंधरा वर्षांत हे सगळे साचते आणि पहिला फटका दिव्यांना बसतो.

ठिबक समजते, तर गाडीचे सर्किटही समजेल

बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट फ्यूज, स्विच, काही ठिकाणी रिले आणि कपलर ओलांडून बल्बपर्यंत येतो. परत जाताना मात्र त्याला बॅटरीपर्यंत स्वतंत्र वायर नसते. बल्बपासून एक छोटी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. तिथून पुढे गाडीची बॉडी हीच परतीची वायर. यालाच गॅरेजच्या भाषेत 'अर्थ' म्हणतात. तो बोल्ट गंजला की परतीची वाट अडते.

शेतातल्या ठिबकचे उदाहरण घ्या. फिल्टर चोंदला आहे, पण पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे. तेव्हा गेजवर दाब पूर्ण दिसतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागले की दाब पडतो आणि शेवटच्या ड्रिपरला थेंबही येत नाही. गाडीतही असेच होते. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टीमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि 'सप्लाय ठीक आहे' असे वाटते. बल्ब लावून करंट वाहू लागला की तेच व्होल्ट खाली येतात. म्हणून जुन्या गाडीतली प्रत्येक मोजणी दिवा चालू ठेवूनच करावी.

थोडे व्होल्ट गेले, तर बराच उजेड जातो

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने पडतो. होल्डरवर १२.८ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर व्होल्टेज १४ टक्के घटते, पण उजेड सुमारे ४० टक्के घटतो. हेडलाइटच्या ६०/५५ वॅटच्या बल्बसाठी एवढी घट व्हायला वाटेत अर्ध्या ओहमपेक्षाही कमी अडथळा पुरतो.

मल्टीमीटरची 'बीप' चाचणी इथे फसवते ती यामुळेच. एवढ्या लहान अडथळ्याला मीटर खुशाल बीप देतो. वायरीच्या आतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते, पण त्या एका तारेतून हेडलाइटचा करंट नीट जाऊ शकत नाही.

लक्षण पाहा, जागा ओळखा

काहीही खोलण्याआधी कोणते दिवे बंद आहेत आणि कोणते चालू, याची नोंद करा. निम्मे निदान तिथेच होते.

• एका बाजूचा दिवा बंद, दुसऱ्या बाजूचा चालू : आधी बल्ब, मग होल्डर, मग त्या बाजूचा अर्थ. काही गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज असतात, तेही पाहा.

• दोन्ही ब्रेक लाइट बंद, टेल लाइट चालू : दोन्ही बल्ब एकाच वेळी जाणे दुर्मीळ. ब्रेक लाइटचा फ्यूज आणि पॅडलच्या वर असलेला स्विच तपासा.

• ब्रेक लाइट सतत चालू : पॅडलचा स्विच सरकला आहे किंवा त्याच्यासमोरचे रबरी बटण झिजून पडले आहे. रात्रीत बॅटरी उतरते आणि मागच्याला तुमचा ब्रेक कळत नाही.

• एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकतो : बहुतेक वेळा त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलेला असतो. साधा फ्लॅशर असलेल्या गाडीत एलईडी बल्ब टाकला तरी असेच होते.

• ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो किंवा टेल लाइट मंद होते : हे खराब अर्थचे ठळक लक्षण. परतीची वाट न मिळालेला करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

• डिपर दोन्ही बाजूंना बंद, अप्पर चालू : डिपरचा फ्यूज किंवा रिले आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचचे कॉन्टॅक्ट पाहा.

• सगळेच दिवे मंद, रेस दिली की उजळतात : दोष दिव्यांत नाही. बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अल्टरनेटर तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

तपासणी कोणत्या क्रमाने करायची?

१२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मल्टीमीटर, पॉलिश पेपर आणि योग्य नंबरचे जादा फ्यूज एवढे साहित्य पुरते. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये आणि हँडब्रेक लावून उभी करा. हेडलाइट नुकतीच बंद केली असेल, तर बल्ब थंड होऊ द्या.

१. बल्ब आणि होल्डर : तार तुटली आहे का, काच काळी पडली आहे का, होल्डरचे प्लास्टिक वितळले आहे का, हे पाहा. ब्रेक आणि टेल लाइटच्या एकत्रित बल्बमध्ये २१ आणि ५ वॅटच्या दोन तारा असतात. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम कमी-जास्त उंचीवर दिलेल्या असतात. बल्ब उलटा दाबून बसवला, तर टेल लाइट ब्रेकसारखी झगझगते आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरक पडत नाही. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट डागामुळे बल्ब लवकर जातो.

२. फ्यूज : फ्यूज उपसून पाहण्याची गरज नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप स्वच्छ पत्र्याला लावा, संबंधित दिवा चालू करा आणि टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे लॅम्प पेटला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पेटला तर फ्यूज उडाला आहे. दोन्हीकडे पेटला नाही, तर सप्लाय फ्यूजच्या आधीच अडला आहे.

३. अर्थ : ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब होल्डरच्या अर्थच्या बाजूला आणि दिवा चालू. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर बोल्ट किंवा वायर खराब आहे.

४. खात्री : एका वायरने होल्डरची अर्थची बाजू स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला तात्पुरती जोडा. दिवा लगेच उजळला, तर दोष सापडला. ही वायर फक्त अर्थच्या बाजूलाच लावायची. प्लसकडून फ्यूजशिवाय थेट वायर कधीही ओढू नका.

५. प्लसची बाजू : अर्थ ठीक असूनही दिवा मंद असेल, तर लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळी होल्डरच्या प्लसवर ठेवा. दिवा चालू असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर कपलर, रिले आणि स्विच एकेक करून तपासा.

दुरुस्तीही सोपी असते. अर्थचा बोल्ट काढा, पत्रा आणि वायरचा डोळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली ओल रोखते, त्यामुळे बोल्ट पुन्हा लवकर गंजत नाही. ती आवळल्यानंतर लावायची, आधी नाही.

हे उपाय महागात पडतात

१००/९० वॅटचा बल्ब : उजेड कमी वाटला की हा बल्ब सुचवला जातो. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८.३ अँपिअर. सैल जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे त्याच जोडात जवळपास पावणेतीन पट उष्णता. होल्डर वितळतो, स्विच जळतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

मोठा फ्यूज किंवा चांदी : १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० चा पिवळा टाकणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे धोक्याचे. फ्यूज वायरीला वाचवतो. तो उडला नाही, तर वायर जळते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी : रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्यात नीट एकवटत नाही, तो पसरतो. धुक्यात तर समोर पांढरा पडदाच दिसतो.

नुसता पीळ आणि टेप : पहिल्या पावसाळ्यात ओल आत शिरते. जोड डाग देऊन किंवा क्रिंप करून वर स्लीव्ह चढवावी.

जुन्या गाडीत उजेड खरोखर वाढवायचा असेल, तर मूळ वॅटचेच बल्ब ठेवून रिले बसवून घेणे हा सरळ मार्ग. यात हेडलाइटचा करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून न जाता फ्यूज आणि जाड वायरमधून थेट बॅटरीतून येतो. ज्या गाडीत कंपनीनेच रिले दिला आहे, तिथे जोड आणि अर्थ साफ करणे पुरते.

वायरमनकडे कधी जायचे?

फ्यूज बदलताच पुन्हा उडतो, जळका वास येतो किंवा वायरी कुरतडलेल्या दिसतात, तेव्हा घरी प्रयोग नको. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिथला स्विच स्वतः खोलू नका. गॅरेजमध्ये मात्र 'लाइट लागत नाही' एवढेच सांगू नका. कोणता दिवा, कोणत्या बाजूचा, ब्रेक दाबल्यावर काय होते, पावसातच होते का, हे सांगा. 'आधी अर्थ मोजून बघा' असे म्हटले, तर विनाकारण होणारा सुट्या भागांचा खर्च टळू शकतो.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. नंबरप्लेट उजळणारा पांढरा दिवाही लागतो, आणि तपासणीत अनेकदा तोच बंद सापडतो. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. जुन्नर-आंबेगावच्या 'एमएच १४' गाड्या त्यासाठी पिंपरी-चिंचवड आरटीओच्या कक्षेत येतात.

रात्री रस्त्यातच दिवे गेले तर?

हॅझर्ड लावा आणि हळूहळू पेट्रोल पंप, ढाबा किंवा गावातल्या उजेडाच्या जागी गाडी न्या. पुढचे काहीच दिसत नसेल, तर रस्त्याच्या पूर्ण कडेला थांबा आणि मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवा. बॉनेट उघडून उसाच्या कडेला वाकून बसणे टाळा. जुन्नर वन विभागाचा हा पट्टा बिबट्यांचा आहे आणि ऊस हा त्यांचा आडोसा. फ्यूज उडाला असेल, तर टेपचा किंवा एसीचा त्याच नंबरचा फ्यूज तात्पुरता वापरता येतो.

ही वेळच येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा, दिवेलागणीला, गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. टेल लाइट लावा, ब्रेक दाबा, दोन्ही इंडिकेटर द्या, रिव्हर्स टाका. भिंतीवरचा उजेड आरशात दिसतो. मग गाडी वळवून डिपर आणि अप्पर पाहा. डाव्या-उजव्या बाजूच्या उजेडात फरक दिसला, तर बल्ब विकत घेण्याआधी त्या बाजूचा अर्थचा बोल्ट शोधा.